रेशनवरील नावे ‘वरून’ कमी झाली, तर अपील नेमके कशाविरुद्ध करायचे?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात काही चूक होत असेल तर ती इथेच कळेल. गोवंडीत सासूबाईंच्या नावाने तुमच्या कुटुंबाची केशरी शिधापत्रिका आहे, तिच्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे आणि सहा नावे आहेत. माणशी ५ किलो या हिशेबाने दरमहा ३० किलो धान्य मिळत होते. गेले तीन महिने दुकानदार १५ किलोच देतो आणि मशीनवर तीनच युनिट दिसतात असे सांगतो. गळालेली नावे सासऱ्यांची, धाकट्या मुलाची आणि तुमची स्वतःची आहेत. शिधावाटप कार्यालयात तुम्ही दोनदा जाऊन आलात. पहिल्या खेपेला ‘वरूनच कमी झाले आहे’ असे उत्तर मिळाले आणि दुसऱ्या खेपेला ‘नाव वाढवण्याचा फॉर्म भरून टाका’ असा सल्ला मिळाला. आता अपील कुठे करायचे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी वकील नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमध्ये गेली वीस वर्षे रेशन आणि निराधार अनुदानाचे अर्ज लिहून देण्याचे, कार्यालयात सोबत जाण्याचे आणि सुनावणीला शेजारी बसण्याचे काम मी करते. त्या अनुभवावरून सांगते की तुमची खरी अडचण अपील कुठे करायचे ही नाही. अपील नेहमी एखाद्या आदेशाविरुद्ध होते आणि तुमच्या हातात आदेशच नाही. ‘वरून झाले’ हे खिडकीवरचे बोलणे आहे, त्यावर तारीख नाही, सही नाही, कारण नाही. जोपर्यंत कार्यालय लेखी काही देत नाही, तोपर्यंत वरिष्ठांकडे गेलात तरी ते कागद खाली पाठवतात, खालचे लोक ‘प्रकरण तपासत आहोत’ असे लिहितात आणि आणखी चार महिने जातात. म्हणून पहिले काम एकच: तिन्ही नावे कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्याच्या मान्यतेने आणि कोणत्या कारणासाठी कमी झाली, हे लेखी मिळवणे. संगणकात नाव आपोआप पुसले जात नाही. यादी वरून आलेली असली तरी ती कोणाच्या तरी लॉगिनमधून मंजूर झालेली असते आणि त्याची नोंद राहते.

तो अर्ज लिहिण्याआधी एक तपासणी घरबसल्या करून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. महा ई-पॉसच्या (राज्याच्या रेशन मशीनच्या नोंदींच्या) संकेतस्थळावर तुमचा बारा अंकी आरसी नंबर, म्हणजे शिधापत्रिकेचा क्रमांक, टाकला की पत्रिकेचा प्रकार, सदस्यांची नावे आणि महिन्याचे मंजूर धान्य दिसते. त्या पानाची तारखेसह छापील प्रत काढा. तिथे सहाही नावे आणि ३० किलो दिसत असतील, तर कार्यालयाने काहीच कमी केलेले नाही. मग तुमची तक्रार दुकानदाराविरुद्ध आहे, आणि मशीनमधून निघणारी पावती मागून ती प्रत्यक्ष मिळालेल्या धान्याशी ताडून पाहणे एवढेच काम उरते. सहा नावे दिसतात, पण तिघांपुढे ई-केवायसी (आधारवरून होणारी ओळखीची पडताळणी) झालेली नाही असे असेल, तर तो अंमलबजावणीचा अडथळा आहे आणि तो बहुधा अपिलाशिवाय सुटतो. नावेच नसतील, तर ती वगळणूक आहे. आणि पत्रिकेचा प्रकारच प्राधान्य कुटुंबातून बिगर-प्राधान्यात गेला असेल, तर सहाही जणांचे धान्य थांबायला हवे होते. तुम्हाला १५ किलो मिळत आहे, म्हणजे निदान तसे झालेले नाही.

तुम्ही दिलेल्या तपशिलावरून माझा अंदाज असा आहे की तीन नावे तीन वेगळ्या कारणांनी गेलेली असावीत. म्हणून एकेक नाव वेगळे घेऊन सांगते.

सासरे आयुष्यभर गवंडीकाम करत होते असे तुम्ही लिहिले आहे. मला त्यांच्या बोटांची कल्पना आहे. सिमेंट आणि चुन्यात तीस-चाळीस वर्षे गेलेल्या हाताच्या टोकांवर रेषाच राहत नाहीत. दुकानात अशी माणसे अंगठा मशीनवर ठेवतात, मग तो लुंगीला पुसतात, पुन्हा ठेवतात, दुकानदार ओल्या फडक्याने काच पुसतो, दुसरे बोट ठेवायला सांगतो, रांगेतले लोक चुळबूळ करू लागतात, आणि पाचव्या-सहाव्या प्रयत्नानंतर तो म्हणतो, ‘बाबा, पुढच्या महिन्यात बघू.’ लसूण सोलणाऱ्या आणि कोळंबी साफ करणाऱ्या बायकांचेही हेच होते. हे ‘पुढच्या महिन्यात बघू’ दोन-तीनदा झाले की नोंदीत माणसाची ई-केवायसी प्रलंबित राहते आणि पडताळणीच्या मोहिमेत त्याचे नाव संशयित यादीत जाते. माणूस मात्र घरात बसलेला असतो.

यावर तांत्रिक उपाय आहेत. राज्यात दिलेल्या नव्या मशीनवर डोळ्याच्या बुबुळाचे स्कॅनर आहेत आणि मोबाइलवरच्या ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅपमध्ये चेहऱ्यावरून पडताळणी करता येते. सासऱ्यांचे आधार फार जुने असेल, तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे आणि बुबुळ पुन्हा नोंदवून घ्या. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ठसा न जुळणे हे नाव वगळण्याचे कायदेशीर कारणच नाही. केंद्र सरकारच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना स्पष्ट कळवले होते की आधार नाही म्हणून कोणाचे नाव यादीतून काढू नये, आणि नेटवर्क किंवा बोटांच्या अस्पष्ट ठशांमुळे पडताळणी झाली नाही म्हणून धान्य नाकारू नये. हा दिनांक अर्जात लिहा. खिडकीवरील कर्मचाऱ्याला तो बहुधा माहीत नसतो, अधिकाऱ्याला असतो.

मुलाचे प्रकरण सर्वांत सोपे असावे. पाच वर्षांच्या आतील मुलाच्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतातच. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते नोंदवावे लागतात. तुमचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे, म्हणजे त्याचे ‘बाल आधार’ तसेच राहिले असण्याची शक्यता मोठी आहे. आधी आधार केंद्र, मग दुकानात ई-केवायसी. नाव यादीत असेल तर त्यासाठी कोणाशी वाद घालण्याची गरज नाही. नाव नसेल तर ते पुढच्या अर्जात घ्या.

तुमचे स्वतःचे नाव हा मात्र नाजूक भाग आहे आणि इथे तुम्ही मला सांगितले नाही असे काही असू शकते. तुमचे माहेर जालना जिल्ह्यात आहे. लग्नानंतर माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी करून तसा दाखला आणला होता का? अनेक मुलींची नावे वडिलांच्या पत्रिकेवर तशीच राहतात. कोणाचा लबाडीचा हेतू नसतो, तालुक्याला जाऊन अर्ज करण्याचे राहून जाते एवढेच. आधार दोन्ही पत्रिकांना जोडले गेले की संगणकाला एकच व्यक्ती दोन ठिकाणी दिसते आणि एक नाव काढले जाते. तसे असेल तर कार्यालयाची चूक म्हणता येणार नाही, आणि अपिलात ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे लिहिण्याने बाकी दोन नावांचीही बाजू दुबळी होते. माहेरच्या तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला आणवा आणि तुमच्यापुरता रीतसर अर्ज करा. माहेरी नाव नसेलच, तर तुमचे नावही सासऱ्यांच्या बरोबरीने एकाच अर्जात घ्या.

आता ‘नाव वाढवण्याचा फॉर्म भरून टाका’ या सल्ल्याकडे येते, कारण तिथेच सर्वाधिक कुटुंबांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, त्याला तो सरळ मार्ग वाटतो. पण राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची एक कमाल संख्या ठरवून दिलेली आहे. महाराष्ट्रासाठी ती ७ कोटी १६ हजार आहे आणि कार्यालयीन भाषेत तिला ‘इष्टांक’ म्हणतात. नवीन नाव वाढवायचे तर इष्टांकात जागा असावी लागते. तुम्ही फॉर्म भरलात की तुम्ही नवीन अर्जदार होता, आणि उद्या ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे उत्तर आले तर त्याच्याशी भांडायला तुमच्याकडे फारसे काही उरत नाही. शिवाय त्या फॉर्मवरची तुमची सही म्हणजे हे नाव पत्रिकेवर नव्हते याची जणू कबुलीच ठरते. तुमची मागणी नाव वाढवण्याची नाही. जे नाव वर्षानुवर्षे यादीत होते, ज्याचे धान्य तीन महिन्यांपूर्वीपर्यंत उचलले जात होते, ते विनासूचना काढले गेले आणि ते ‘पूर्ववत’ करावे, ही तुमची मागणी आहे. हा एक शब्द अर्जाच्या विषयात आलाच पाहिजे. फॉर्म आधीच भरून दिला असेल, तर घाबरू नका. पुढच्या अर्जात ‘कार्यालयाच्या तोंडी सूचनेवरून अमुक तारखेला अर्ज दिला, परंतु मूळ मागणी नाव पूर्ववत करण्याचीच आहे’ असे एक वाक्य घाला.

अर्ज शिधावाटप अधिकाऱ्यांच्या नावे, एका पानाचा असावा. मी साधारण असे लिहून देते:

‘विषय: शिधापत्रिकेतील कमी केलेली नावे पूर्ववत करणे व त्याबाबतचा आदेश मिळणे. आमच्या शिधापत्रिकेवर सहा सदस्य असून अमुक महिन्यापर्यंत ३० किलो धान्य मिळाले आहे, पावत्या सोबत जोडल्या आहेत. अमुक महिन्यापासून पुढील सदस्यांचे धान्य बंद झाले आहे. नावे कमी करण्यापूर्वी आम्हाला नोटीस मिळाली नाही व आमचे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही. तरी नावे कमी केल्याचा दिनांक, कारण, मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम आणि आदेशाची प्रत मिळावी. माहितीच्या अधिकार कायद्यातील कलम ४(१)(घ) नुसार बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे कळवणे बंधनकारक आहे. नावे पूर्ववत करून थकलेल्या धान्याबाबत निर्णय व्हावा, ही विनंती.’

यापलीकडे काही लिहू नका. घरची परिस्थिती, आजारपण, मुलांचे शिक्षण हे सगळे खरे असते, पण या अर्जात त्याचा उपयोग होत नाही आणि कारण विचारणारे वाक्य त्यात बुडून जाते. अर्ज दोन प्रतींत न्या, आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील’ असे म्हणाले तर अर्ज ठेवून येऊ नका. त्याच दिवशी टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. पोच नसलेल्या अर्जावर वर्षभर फेऱ्या मारणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि सुनावणीत ‘असा अर्ज कार्यालयात आढळून येत नाही’ हे एक वाक्य त्यांचे वर्ष खाऊन टाकते.

उत्तर पंधरा-वीस दिवसांत आले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प पुरते आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्यात नुसती माहिती मागू नका, प्रकरणाच्या कागदपत्रांची पाहणीही मागा. पाहणीचे महत्त्व मला एका कुटुंबामुळे कळले. झोपडपट्टी पुनर्वसनात त्यांची झोपडी पाडली गेली होती आणि विकासकाने दिलेल्या भाड्यात ते दोन स्टेशने पलीकडे खोली घेऊन राहत होते. पत्रिकेवरील पाचही नावे गेली. कार्यालयात विचारले की उत्तर एकच, वरून झाले. पाहणीच्या दिवशी फाइलमध्ये आम्हाला निरीक्षकाचा अर्ध्या पानाचा अहवाल सापडला. त्यावर एकच ओळ होती, ‘दिलेल्या पत्त्यावर कुटुंब आढळून आले नाही.’ खाली भेटीची तारीख होती, आणि ती तारीख झोपड्या पाडल्यानंतरची होती. म्हणजे निरीक्षक रिकाम्या भूखंडावर कुटुंब शोधून आले होते. परिशिष्ट-२ (पुनर्वसन योजनेतील झोपडीधारकांच्या पात्रतेची यादी) मधील त्यांचे नाव, भाडे जमा झाल्याची बँकेतील नोंद आणि तो अर्ध्या पानाचा अहवाल एवढ्या तीन कागदांवर नावे पूर्ववत झाली. तो अहवाल हाती येण्याआधी त्याच कुटुंबाने सात महिने आम्ही मुंबईतच राहतो हे तोंडी सांगण्यात घालवले होते.

कारण लेखी मिळाले, किंवा ते द्यायलाच नकार मिळाला, की अपिलाचे दार उघडते. दारे एकापेक्षा अधिक आहेत आणि चुकीचे दार ठोठावले तर वेळ जातो, म्हणून नीट सांगते. लक्ष्य निर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या २०१५ च्या नियंत्रण आदेशात शिधापत्रिका नाकारणे किंवा रद्द करणे याविरुद्ध आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपिलाची तरतूद आहे. एखाद्या सदस्याचे नाव काढणे म्हणजे त्याच्यापुरती पत्रिका रद्द करणेच होय, अशी मांडणी मी करते. मुदत आदेश मिळाल्यापासून मोजायची असते, त्यामुळे ज्यांना आदेशच दिला गेला नाही त्यांना ‘उशीर झाला’ असे सांगणे योग्य नाही, हेही अपिलात आधीच लिहून ठेवते. मुंबईत शिधावाटप अधिकाऱ्यांच्या वर परिमंडळाचे उपनियंत्रक असतात आणि त्यांच्यावर चर्चगेटला रॉयल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये नियंत्रक, शिधावाटप व संचालक, नागरी पुरवठा यांचे कार्यालय आहे. मी अपील उपनियंत्रकांच्या नावे करते आणि प्रत नियंत्रकांना देते. कार्यालयाच्या उत्तरात अपिलीय अधिकारी म्हणून दुसरे पदनाम लिहिलेले असेल, तर अर्थातच त्यांच्याकडे जावे.

दुसरे दार अन्न सुरक्षा कायद्याचे स्वतःचे आहे आणि लोक ते फार कमी वापरतात याचे मला मनापासून वाईट वाटते. २०१३ च्या या कायद्याच्या कलम १५ नुसार प्रत्येक जिल्ह्यासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. हक्काचे धान्य न मिळाल्याची तक्रार ऐकून कार्यवाही करणे हे त्याचे काम आहे. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर कलम १६ खाली स्थापन झालेल्या राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. आयोगाला चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने शिफारस केलेला दिलासा सबळ कारण नसताना न देणाऱ्या लोकसेवकाला कलम ३३ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण दंडाची नोंद सेवेत लागण्याची भीती मोठी असते, आणि कलमाचा उल्लेख असलेली तक्रार फाइलच्या ढिगात खाली जात नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकते. या दोन दारांपैकी एकच निवडा असे बंधन मी मानत नाही. अपील नाव पूर्ववत करण्यासाठी आणि तक्रार न मिळालेल्या धान्यासाठी, अशी विभागणी ठेवली आणि दोन्हींत एकमेकींचा उल्लेख केला की गोंधळ होत नाही.

तिसरे दार म्हणजे २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा. तो ज्या सेवेसाठी तुम्ही अर्ज केला आणि ती मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तिच्यापुरताच चालतो. म्हणजे सासऱ्यांच्या वगळणुकीत त्याचा थेट उपयोग नाही, पण तुम्ही माहेरचा दाखला जोडून स्वतःचे नाव वाढवण्याचा अर्ज केला आणि तो मुदतीत निकाली निघाला नाही, तर त्याच कायद्याखाली ३० दिवसांत पहिले अपील करता येते, मग दुसरे, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे. सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची नावे कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. अर्ज द्यायला जाल तेव्हा त्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. १९६७ आणि १८००-२२-४९५० या क्रमांकांवर तक्रार जरूर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या, पण फोनवरील तक्रार म्हणजे अपील नव्हे, तिच्यामुळे अपिलाची मुदत थांबत नाही.

या सगळ्या काळात एक गोष्ट चुकवू नका: दर महिन्याला दुकानात जाऊन जे १५ किलो मिळते ते घ्या आणि पावती मागून घ्या. रागाने धान्य उचलणेच बंद केलेली कुटुंबे मला दरवर्षी भेटतात आणि त्यांचा राग मला कळतो, पण त्याने नुकसान त्यांचेच होते. सलग सहा महिने धान्य न उचललेली पत्रिका तात्पुरती निष्क्रिय करण्याची तरतूद नियंत्रण आदेशाच्या २०२५ च्या दुरुस्तीने आली आहे, म्हणजे तीन नावांचा वाद सहा नावांचा होऊन बसेल. दुसरे कारण थकलेल्या धान्याचे आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ नुसार हक्काचे धान्य न मिळाल्यास राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो. हिशेब किमान आधारभूत किमतीच्या सव्वापटीतून कायद्यातील विक्री दर वजा करून होतो. लाभार्थी दुकानात गेलाच नाही, तर तो भत्ता मागता येत नाही. म्हणून पावतीच्या मागे ‘तिघांचे धान्य मागितले, मिळाले नाही’ असे लिहून तारीख टाका आणि रांगेतल्या एखाद्या शेजारणीची सही घ्या. भत्ता प्रत्यक्ष हातात पडणे सोपे नाही, मी खोटी आशा दाखवणार नाही. पण ती मागणी तक्रारीत असली की नावे पूर्ववत करण्याचा निर्णय लवकर होतो, असे मला अनेकदा दिसले आहे.

एक अवघड प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो सुनावणीत येऊ शकतो. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. मुंबईत एवढ्या पैशांत खोलीचे भाडेही निघत नाही. ही मर्यादा बदलली पाहिजे, असे मी प्रत्येक बैठकीत बोलत आले आहे आणि बोलत राहीन. पण अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला ती बदलता येत नाही. तुमच्या पतीचे उत्पन्न कागदोपत्री किती आहे, पगार बँकेत जमा होतो की रोख मिळतो, हे मला माहीत नाही. नावे ‘उत्पन्न जास्त’ या कारणाने गेली असती, तर सहाही गेली असती, म्हणून कार्यालयाने हा मुद्दा काढलेला नसताना तुम्ही तो स्वतःहून काढू नका. मात्र विचारले, तर खोटे लिहून देऊ नका. खोट्या हमीपत्रामुळे आहे ती पत्रिकाही धोक्यात येते आणि मग मला किंवा कोणालाच काही करता येत नाही. उत्पन्न कमी-जास्त होत असेल, नाक्यावरचे काम असेल, पावसाळ्यात महिना-महिना हजेरी लागत नसेल, तर ते तसेच सांगा आणि तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

सुनावणीची तारीख लागली की कागदांचा एकच संच न्या आणि तो क्रमाने लावा: मूळ शिधापत्रिका आणि तिची प्रत, नावे कमी होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पावत्या, संकेतस्थळावरील छापील पान, आवक क्रमांकाचा अर्ज, माहिती अधिकारातील उत्तर, सहाही जणांची आधार, मुलाचा जन्मदाखला, वीजबिल किंवा भाडेकरार. अधिकाऱ्यांकडे एका दिवसात चाळीस प्रकरणे असतात, तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटे येतात. पहिले वाक्य असे असू द्या, ‘साहेब, अमुक महिन्यापर्यंत सहा जणांचे धान्य मिळत होते, तिघांची नावे नोटीस न देता काढली, ती पूर्ववत करावीत.’ मग थांबा आणि त्यांना विचारू द्या.

सासऱ्यांना सोबत न्या, जिना चढायला त्रास होत असला तरी न्या. ज्यांच्याबद्दल कागदावर ‘पडताळणी झाली नाही’ असे लिहिले आहे ते समोर खुर्चीत बसलेले असले की अधिकाऱ्याला त्यांच्याशी बोलावेच लागते. ते हजर होते याची रोजनाम्यात (सुनावणीच्या कामकाजाच्या लेखी नोंदीत) नोंद करायला सांगा, नोंदीखाली त्यांचा शाईचा अंगठा घ्यायला सांगा, आणि त्या रोजनाम्याची प्रत घेतल्याशिवाय खाली उतरू नका. ती प्रत आणि माहेरच्या पत्रिकेबद्दलचे उत्तर मला कळवा, तुमच्या स्वतःच्या नावाचा अर्ज आपण त्यानंतर लिहू.